दुसऱ्याच्या डब्याला आरी नाही

सव्वादोन वर्षं मी शकूरचाचांसमोर आठवड्यातून तीनदा उभी राहत होते आणि त्यांना माझा चेहरा एकदाही दिसला नव्हता. हे मला कळलं त्याला आता आठ महिने झाले. धक्का अजून ओसरलेला नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. खामगावात माझा कुरिअरचा काउंटर आहे. आलेलं, गेलेलं, पत्ता चुकून परत आलेलं, सगळं वहीत असतं. घरी किराण्याची यादी, गॅस सिलिंडरची तारीख, कोणाच्या लग्नात काय दिलं याची नोंद. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं लोक म्हणतात आणि मलाही ते खरं वाटायचं.

चाचा आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. रेल्वेत गाड्या तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तेच काम. आवाजावरून चाकाला तडा आहे की नाही ते कळतं. नादुरुस्त डबा दिसला की त्यावर खडूनं ‘सिक’, म्हणजे आजारी, असं लिहायचं आणि तो गाडीतून काढायचा. निवृत्त झाले, बायको वारली, एकुलती एक मुलगी नसीम लग्न होऊन पुण्याला गेली. चाचा एकटे राहिले. हातोडी मात्र सुटली नाही. रस्त्यानं चालताना ती हातात असायची आणि ते येता-जाता गटाराची फरशी, विजेचा खांब, दुकानाची पायरी ठोकत यायचे. टक्, टक्. आख्खी गल्ली म्हणायची, “चाचांच्या डोक्यातून रेल्वे जात नाही.” मीही म्हणायचे.

पहिल्यांदा ते काउंटरवर आले तेव्हा बगलेत खोका होता. मी फॉर्म काढला.

“आत काय आहे?”

“रेल्वे.”

“चाचा, खोक्यात रेल्वे कशी मावेल?”

“मावते. तुमच्या फॉर्मात मावते काय ते पाहा.”

मागे उभे असलेले दोघं हसले. मी जरा चिडून म्हटलं, उघडा. त्यांनी उघडलं. आत हातभर लांब काळं इंजिन होतं, परदेशी, खरं वाटावं इतकं बारकाव्यानं केलेलं. मी ‘अय्या’ म्हणेपर्यंत त्यांनी ते पुढच्या आकड्यात एक बोट अडकवून वर उचललं आणि हवेत गदागदा हलवलं. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. चार किलोचं इंजिन एका आकड्यावर लटकत होतं.

“भेऊ नका बाई. हा आकडा म्या बसवला. पडलं त माह्या पायावर पडन.”

हे खेळणं नव्हे, हे मला हळूहळू कळलं. बागेत रूळ टाकून या मोठ्या मापाच्या गाड्या चालवणारे हौशी लोक आपल्याकडेही आहेत. पुण्यात, नागपुरात, इंदूरला. अडचण अशी की एका कंपनीच्या डब्याला पुढे कडी आणि खाली आकडा असतो. दुसऱ्या कंपनीच्या डब्याला खऱ्या गाडीसारखी मूठ असते, दोन मुठी एकमेकींना पकडतात. तिसऱ्या कंपनीची मूठच, पण रुळापासून बोटभर उंच. रूळ एकच, चाकांचं माप एकच, पण एकाचा डबा दुसऱ्याला जुळत नाही. आमच्या गावातल्या एका तेल मिलवाल्यांनी हौसेनं दोन देशांतून इंजिन आणि डबे आणवले आणि डोक्याला हात लावून बसले. कोणीतरी चाचांचं नाव सांगितलं. चाचांनी पितळेची पट्टी वाकवून मधला तुकडा करून दिला. मिलवाल्यांनी चालत्या गाडीचा व्हिडिओ टाकला आणि मग खोके यायला लागले.

चाचांचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या डब्याला आरी लावायची नाही. मूळ आकडा काढून जपून ठेवायचा, जुन्याच भोकांत नवी पट्टी बसवायची आणि डब्याबरोबर जुना आकडा पुडीत बांधून परत पाठवायचा. “उद्या त्याले वाटलं, माहा डबा होता तसा पाह्यजे, तर चार स्क्रू फिरवले की झालं. कापलं त संपलं.” जिथं पट्टीनंही जमत नसे तिथं ते स्वतःचा एक रिकामा डबा मध्ये घालायला द्यायचे. त्याच्या एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला मूठ. त्या डब्याला ते ‘दुभाषा’ म्हणायचे.

खोके माझ्याकडे यायचे, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. कोणाचा डबा, कोणती कंपनी, काय जोडायचं, कधी परत. चाचा चिठ्ठी हातात घ्यायचे, उलटीसुलटी करायचे आणि माझ्यापुढे धरायचे.

“वाच वो मंदाबाई. चष्मा घरी राह्यला.”

“रोजच कसा राहतो?”

“तुहा आवाज आयकाले. टेशनावरल्या घोषणेवानी खणखणीत हाय.”

मला बरं वाटायचं. माझ्या आवाजाला घरात कोणी खणखणीत म्हणत नाही, कर्कश म्हणतात. मी आणखी मोठ्यानं वाचायचे.

त्यांच्या घरामागे सीताफळाचं झाड होतं आणि त्याभोवती रुळांचा गोल. तयार झालेला प्रत्येक डबा गाडीच्या मधोमध लावून अकरा फेऱ्या मारायचा, सुटला नाही तरच पास. मी दुपारी काउंटर बंद करून कधीकधी बघायला जायचे. चाचा गाडी सोडायचे आणि रुळांकडे पाठ करून बसायचे. मला ते भारी वाटायचं. केवढा विश्वास, असं वाटायचं. सातव्या-आठव्या फेरीला ते बसल्या जागेवरून म्हणायचे, “चौथ्याची मूठ ढिल्ली वाजून राह्यली.” मी वाकून बघायचे, तर चौथ्याचीच मूठ हलत असायची.

एकदा शेजारची कोंबडी रुळांवर आली. मी ओरडले, “चाचा, कोंबडी!” ते शांतपणे म्हणाले, “उजवीकून का डावीकून?” मी हसून हसून बेजार झाले. आता तो प्रश्न आठवला की हसू येत नाही.

नसीम महिन्यातून एकदा यायची. हुशार, कामाची मुलगी, बापावर जीव असलेली. मला माझ्यासारखीच वाटायची. दर वेळी जाताना माझ्या काउंटरवर थांबायची. “मावशी, लक्ष ठेवा. अब्बांना मी सांगितलंय, एकटे नीट राहता तोवर राहा. एक जरी गडबड झाली तरी मी पुण्याला नेणार. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, सगळं सांभाळू, पण तिथं हा पसारा मांडता येणार नाही.” चाचांना हे पाठ होतं. तिचा फोन आला की ते ताठ बसायचे आणि रोजचा हिशोब द्यायचे: जेवलो, औषध घेतलं, पडलो नाही, धडकलो नाही. फोन ठेवल्यावर म्हणायचे, “इथून मले कोणी हलवलं त म्या रुळावरून उतरलेला डबा.” त्यांना जगात फक्त एवढंच हवं होतं: ते घर, ते झाड, तो गोल.

मग नागपूरचा डबा आला.

एका वयस्क बाईंनी पाठवला होता. त्यांच्या नवऱ्यानं परदेशातून आणलेला जुना मालडबा. नवरा गेला, बाईंना तो आपल्या नव्या गाडीला जोडून चालवायचा होता. चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं: ‘कृपया काहीही कापू नये. हा आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेला आहे.’ मी वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, “लिहून दे त्याइले, शकूर कापत नसते.” मी तसं लिहून पाठवलं.

चाचांकडे त्याच कंपनीचा तसाच एक मोडका मालडबा होता. आधी त्याचा आकडा कापून प्रयोग करायचा, मग बाईंच्या डब्याला हात लावायचा, असा बेत. दोन्ही डबे टेबलावर होते. बाईंचा डावीकडे गोणपाटावर, चाचांचा उजवीकडे नुसत्या लाकडावर.

महिन्याच्या एक तारखेला चाचा जलंब जंक्शनला जायचे. तिथल्या बाकावर बसून मालगाड्या ऐकायच्या हा त्यांचा नेम होता. त्या एक तारखेला माझ्याकडे मोकळा वेळ होता आणि खोके ठेवायला त्यांच्या घराची किल्ली. ते टेबल मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. डबे, स्क्रूच्या डब्या, पट्ट्या, कानशी, सगळं उघडं, कशावर नाव नाही. एकदा मी एक डबी चार बोटं सरकवली होती तर ते केवढ्यानं ओरडले होते. म्हातारपणी माणूस चिडका होतो, मी मनात म्हटलं होतं. म्हटलं, एकदा सगळं लावलेलं पाहतील तेव्हा कळेल.

मी अडीच तास राबले. गोणपाट झटकून बाहेर टाकलं, टेबलभर स्वच्छ प्लास्टिक अंथरलं. स्क्रू मापाप्रमाणे लावले. कानशी उंचीप्रमाणे. प्रत्येक डबीवर पांढरी चिठ्ठी, ठळक मार्करनं, लांबून वाचता येईल अशी. दोन्ही मालडबे शेजारी शेजारी नीट ठेवले. एकावर ‘नागपूर’, दुसऱ्यावर ‘चाचांचा’. दार लावताना मी एकदा वळून पाहिलं आणि मला खरंच समाधान वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन खोके घेऊन मी गेले. चाचा टेबलापाशी स्टुलावर बसले होते. हातोडी खाली जमिनीवर पडली होती. ती मी कधी जमिनीवर पाहिली नव्हती.

“काय मग? कसं वाटलं टेबल?”

“चांगलं हाय,” ते म्हणाले. मग म्हणाले, “मंदाबाई, यातला कोणता डबा कोनाचा हाय, तेवढं वाचून सांग.”

“चाचा, लिहिलंय ना! एवढ्या मोठ्या अक्षरांत.”

“वाच.”

मी त्यांच्या पुढ्यातल्या डब्यावरची चिठ्ठी वाचली. “नागपूर.”

त्यांनी उजवी मूठ उघडली. तळहातावर कापलेला आकडा होता.

“हाच कापला म्या,” ते म्हणाले. “गोणपाट नव्हतं. दोन्ही डबे हाताले सारखेच. म्हटलं इचारावं तुले. इचारलं त तुले समजन, म्हनून नाही इचारलं. अंदाजानं घेतला. आरी चालली अन् वास आला. पितळाचा. माह्या डब्याचा आकडा जस्ताचा हाय, त्याले असा वास नसते. पन तोवर तुटला होता.”

मला काही कळेना. “पण चिठ्ठी...”

“मले दिसत नाही, पोरी.”

मी म्हटलं, कधीपासून?

“काचबिंदू. अकोल्याच्या डाक्टरनं सांगतलं होतं, गेलेलं वापस येत नाही. उजवा डोया तुह्या काउंटरवर पह्यल्यांदा आलो त्याच्या आधीच गेला. डाव्यानं धुरावानी दिसते, उजेड हाय का नाही तेवढं. तू दिसते कशी, हे मले अजून मालूम नाही.”

माझी अक्षरं माझ्यासमोर रांगेनं उभी होती. पांढऱ्या चिठ्ठ्यांवर, ठळक, एकही खाडाखोड नाही. बत्तीस चिठ्ठ्या. मी मोजून लावल्या होत्या.

त्यानंतर मी जे बोलले ते मला शब्दशः आठवतं. मी रडले नाही, माफीही धड मागितली नाही. मी सरळ कामाला लागले. म्हटलं, चाचा, कोणाला कळायची गरज नाही. गोणपाट परत आणते. टेबल होतं तसं करते, तुम्ही सांगा, मी एकेक ठेवते. यापुढे प्रत्येक डबा मी डोळ्यांनी तपासून हातात देईन. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. नसीमला आपण काही सांगायचं नाही. नागपूरच्या बाईंना लिहू, वाटेत तुटला. खोके तुटतातच.

बोलता बोलता मी वही काढली होती. कामांना आकडे घालायला सुरुवातही केली होती.

चाचा ऐकत होते. मान माझ्या आवाजाकडे किंचित कलती. सव्वादोन वर्षं मी त्याला आदर समजत होते.

“पाहनारी तू अन् पास करनारा मी?” ते म्हणाले. “असं नसते वो. ज्यानं चाक ठोकलं त्यानंच सही करायची. दुसऱ्याच्या डोयानं पास केलेली गाडी म्या कधी सोडली नाही.”

“ही खरी गाडी नाही, चाचा.”

“त्या बाईचा नवरा खरा होता.”

मी वहीचं पान उलटून कोरा कागद काढला.

त्यांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. मी दोनदा मवाळ शब्द घातला, दोनदा त्यांनी वाचून घेऊन खोडायला लावला. ‘आकडा माझ्या हातून कापला गेला. मला दिसत नाही ही गोष्ट मी लपवली होती. तुकडा सोबत पाठवत आहे.’ तेवढंच. माझ्या चिठ्ठ्यांबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी टेबल हलवलं, तेही लिहा. म्हणाले, “तू साफसफाई केली. आरी म्या चालवली.”

मग त्यांनी खिशातून फोन काढला. बटणांचा जुना फोन, अंगठ्यानं ते न बघता नंबर दाबायचे, आणि मी आजवर त्यालाही हाताची सफाई म्हणत आले होते. माझ्यासमोर नसीमला लावला. हिंदीत बोलले, दोनच वाक्यं. “बेटा, मुझे दिखता नहीं है. आके ले जा.” तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्यांनी टेबलाच्या कडेवर हात फिरवत खडू शोधला. खडू तिथं नव्हता, मी तो डबीत घालून वर नाव लिहिलं होतं. मी काढून दिला. त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीवर चाचपत दोन अक्षरं काढली. वाकडीतिकडी, पण वाचता येत होती. सिक.

“झालं,” म्हणाले. “आता चहा सांग.”

ज्या माणसानं एका घरासाठी, एका झाडासाठी सव्वादोन वर्षं फरशा ठोकत वाट काढली, तो एका तुटलेल्या आकड्यावरून सगळं दहा मिनिटांत सोडतो, हे मला आजही पचलेलं नाही. मी लपवायला तयार होते. मी, जिच्या वहीत खोटी नोंद नाही.

नसीम तिसऱ्या दिवशी आली. माझ्यावर रागावली नाही, त्यानं जास्तच कसंतरी झालं. “मावशी, मीसुद्धा दर महिन्याला येत होते ना,” एवढंच म्हणाली. पुढचे दोन आठवडे आवराआवरीत गेले. अर्धवट राहिलेले सहा डबे मूळ आकड्यांसकट परत पाठवले. रूळ तेल मिलवाल्यांकडे गेले. नागपूरहून उत्तर आलं ते मी फोडलं, आधी मनात वाचलं आणि परत घडी घातली. चाचांना कागदाचा आवाज ऐकू गेलाच होता.

“वाच. हाय तसंच.”

मी वाचलं. ‘डबा मिळाला. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण तुम्ही खरं सांगितलंत.’

त्यांनी मान हलवली. “बराबर लिहिलं,” म्हणाले.

शेगावहून पुण्याची गाडी होती. मी सोबत गेले. नसीम आत सामान लावत होती, चाचा दारात उभे होते, मी खाली फलाटावर. मी सामानाची यादी केली होती आणि त्यांना ती ऐकायची होती, म्हणून मी वाचली. “औषधं, निळ्या पिशवीत. चार्जर, नसीमच्या पर्समध्ये. आकड्याची उंची मोजायचा ठोकळा, तुमच्या डाव्या खिशात. एक दुभाषा डबा, काळ्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून. हातोडी, हातात.”

“हाव,” प्रत्येक नावाला ते म्हणत होते. “हाव. हाव.”

तेवढ्यात पार्सलची हातगाडी आली. हमाल ओरडला, “बाजू, बाजू!” मी पाच-सहा पावलं सरकून चहाच्या टपरीला टेकले. हातगाडी माझ्या आणि डब्याच्या मधून धडधडत गेली. इंजिनाचा भोंगा झाला.

चाचांनी चेहरा वर केला, हातोडी बगलेत धरली आणि उजवा हात उंच करून हलवला. हसत होते. हात हलवत होते ते मी मघाशी उभी होते तिथं. तिथं आता कोणी नव्हतं, नुसता फलाट होता.

हाक मारायला हवी होती. मी धावत गेले आणि त्या जागेवर जाऊन उभी राहिले.